जिवंत आईचा पांढरा गुलाब

ऑगस्टातली आमच्या अलाबामातली सकाळ म्हणजे उकळत्या पातेल्यावर तोंड धरावं तशी. कॉलेजचे वर्ग अजून उघडलेही नव्हते, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरींच्या रांगा लागल्या होत्या. झुळझुळीत झगे, हातात बॅटरीवरचे पंखे, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याचेच गाल दुखावेत. वर्ग, पुस्तकं, प्रोफेसर हे सगळं मागाहून. आधी त्या रस्त्यावरच्या मुलींच्या मंडळांपैकी कुठल्या घरातून राहायला बोलावणं येतं ते ठरायचं. कारण बोलावणं चांगलं आलं तर मैत्रिणी चांगल्या, मैत्रिणी चांगल्या तर त्यांचे भाऊ चांगले, आणि पुढचं तुम्हाला कळतंच. हसू नका. आमच्याकडे हे असंच चालतं, आणि जे हसतात त्यांच्याही लेकी त्या रांगेत उभ्या असतात.

त्या रस्त्यावरचं सगळ्यात भारी घर म्हणजे खांबांचं घर. तसं त्याला ग्रीक अक्षरांचं नाव आहे, पण पुढच्या पांढऱ्या खांबांवरून सगळे तसंच म्हणतात. म्हणायला ते भगिनीमंडळ. आत राहणारी प्रत्येक मुलगी दुसरीची बहीण, मरेपर्यंत. मेणबत्त्या लावून तशी शपथच घेतात.

मेरिल लेडबेटर त्या घराच्या दारात उभी होती. शेवटचं वर्ष, म्हणून मान दाराचा. तिच्या मागे घरातल्या सगळ्या पोरी टाळ्या पिटत गाणं म्हणत होत्या. दार उघडलं की बाहेरच्या मुली आत यायच्या, आणि आतली एकेक जण एकेकीचा हात धरून तिला गप्पांत ओढून न्यायची. गप्पा कसल्या, तपासणी! पण सगळी गोड गोड. पैशाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. "उन्हाळ्यात कुठे होतीस?" "आई कॉलेजात कुठल्या घरातली?" एवढं विचारलं की पुरे, बाकीचं आपोआप कळतं.

मेरिल तर तेवढंही विचारत नसे. तिची नजरच तशी होती. झगा कोरा करकरीत, पण काखेत किमतीची चिठ्ठी आत दुमडून पिन लावलेली, म्हणजे उद्या दुकानात परत जाणार. बूट चकाचक, पण टाचेचे पोपडे काळ्या मार्करने रंगवलेले. दुसऱ्या कोणाला दिसायचं नाही, मेरिलला लांबून दिसायचं. दिसणारच. हे सगळे उद्योग तिने स्वतः केले होते.

दाराशेजारी वेताच्या खुर्चीत मिस क्लॉडेट बसायच्या. कधीकाळी याच घरातल्या, आता घराच्या सल्लागार. वय झालं तरी पाठ ताठ, गळ्यात मोती, हातात कागदी पंखा. आमच्याकडे वयस्क बायकांना लग्न झालेलं असो नसो, मिस म्हणतात. दुपारी मुली निवडायला बसलं, की नावानावाला मिस क्लॉडेट विचारायच्या, "मेरिल, तुला काय वाटतं गं?" आणि एखादीबद्दल मेरिल म्हणायची, "गोड आहे हो, पण तिला आपल्यात मोकळं वाटेल असं नाही वाटत." झालं. त्या मुलीचा फोटो भिंतीवरून उतरायचा. गरीब हा शब्द त्या घरात कोणी कधी उच्चारला नाही, फार सुसंस्कृत पोरी सगळ्या.

तर त्या सकाळी पायऱ्या चढणाऱ्या घोळक्यात मेरिलला डेला दिसली. डेला पिकेट. तिची धाकटी बहीण. मेणबत्तीवाली नव्हे, एका आईच्या पोटची.

डेला येणार हे तिला माहीत होतं. पण ती मेरिलचाच झगा घालून आली होती. तीन वर्षांपूर्वी याच पायऱ्या मेरिल त्या झग्यात चढली होती. तेव्हा तो पिवळा होता, आता आईने तो निळा रंगवला होता, बाह्या बदलल्या होत्या. पण पाठीवरची शिंपल्याची बटणं तीच, आजीच्या चर्चच्या कोटावरून काढलेली. कोणाच्या बापालाही ओळखू यायचा नाही, असं मेरिल स्वतःशी म्हणाली. मग तिने हळूच मिस क्लॉडेटकडे पाहिलं. त्यांचा पंखा थांबला होता.

आता मेरिलच्या आईबद्दल सांगायला हवं. तिचं नाव वॉन्डा. डोंगराकडच्या एका गावात कोंबड्यांच्या कारखान्यात ती सरकत्या पट्ट्यापुढे उभी राहून पंख कापते. दोन मुली, दोन बाप, आणि दोन्ही बाप एकापेक्षा एक नालायक, म्हणून आडनावं वेगळी. राहायला चर्चमागे चाकांवरचं घर. बाई फटकळ, हसरी, आणि गळा असा की ऐकत राहावं. मुलींसाठी तिने हाडाची काडं केली हे मेरिललाही मान्य होतं. मान्य होतं म्हणूनच तर तोंड लपवावं लागत होतं.

कारण खांबांच्या घरात मेरिल कोणी वेगळीच होती. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं होतं, "लाकूडवाले लेडबेटर का तुम्ही?" राज्यातले बडे लोक ते. मेरिल नुसती हसली. त्या हसण्याचा लोकांनी आपल्या मनाने अर्थ लावला. कॉलेजची स्कॉलरशिप होती, आणि घराच्या खर्चासाठी ती दर उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या हॉटेलात चादरी बदलायची. इथे सांगायची, समुद्रावर असते. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिथवर सगळं निभावून नेता आलं असतं.

पण गुलाबाचं काय करायचं?

आमच्याकडे मातृदिनाला चर्चमध्ये जाताना आई असेल तर लाल गुलाब लावतात, आई गेलेली असेल तर पांढरा. खांबांच्या घरात वसंतात आयांचं जेवण असतं, तिथेही तीच रीत. मेरिलच्या पहिल्या वर्षी वॉन्डा आली नव्हती. खरं सांगायचं तर मेरिलने तिला जेवणाचं कळवलंच नव्हतं. दाराशी मिस क्लॉडेट गुलाबांची परडी घेऊन उभ्या होत्या. मेरिल एकटीच येताना दिसली तशी त्यांनी काही न विचारता परडीतून एक पांढरा गुलाब उचलला, तिच्या छातीजवळ धरला आणि थांबल्या. लाल हवा म्हणायला एक श्वास पुरला असता. मेरिलने मान खाली घातली. मिस क्लॉडेटनी टाचणी लावली, पोरींनी गळ्यात पडून तिला कवटाळलं, आणि तिच्या शेजारची एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावरही एक पांढरा गुलाब ठेवला. त्यानंतर दर वसंतात ती खुर्ची आणि तो गुलाब. आणि डोंगराकडे वॉन्डा आपली धडधाकट, रविवारी गाणी म्हणतेय.

जुलैत डेलाचा फोन आला होता. "सिसी, मला तुझ्याच कॉलेजात घेतलं! आणि मी घरांच्या रांगेत पण उभी राहणार. तुझ्याच घरात येणार, बाकीच्यांनी लाख बोलावू दे!"

थोरल्या बहिणीला आमच्याकडे सिसी म्हणतात. येऊ नकोस म्हणायला मेरिलची जीभ रेटेना. ती म्हणाली, "ये की. फक्त आपण बहिणी आहोत हे कोणाला सांगू नकोस. लोक वशिला म्हणतात. तुझ्या बळावर ये."

अहो, खरं तर उलटं आहे! घरातलीची सख्खी बहीण म्हटलं की तिला पहिला मान. पण डेलाला काय माहीत! ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मी तुला ओळखतच नाही, जा! मेले तरी सांगणार नाही." आणि आइस्क्रीमच्या गाडीवर काम करून तिने रांगेत उभं राहायची फी भरली. डेला आत आली तर पुढच्या वसंतात वॉन्डा त्या जेवणाला येणार, हे मेरिलला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वॉन्डा येणार, लाल गुलाब मागणार, आणि थोरलीच्या शेजारची रिकामी खुर्ची बघणार. तेव्हापासून मेरिलच्या अन्नाची चव गेली होती.

"मेरिल, अगं इकडे ये!" घराची अध्यक्ष सटन हाक मारत होती. सटनच्या बापाच्या गाड्यांच्या शोरूम अर्ध्या राज्यात आहेत. पोरगी मनाने वाईट नाही, फक्त तिला कधी कशाची वाट बघावी लागलेली नाही. तिने डेलाचा दंड धरला होता. "ही डेला. हिने मला इतकं हसवलं ना, माझ्या डोळ्यांतल्या काजळाची पार वाट लागली."

"हाय, मेरिल," डेला म्हणाली. चेहरा अगदी परका. "छान नाव आहे. आमच्या शेजारणीच्या बकरीचं पण हेच होतं."

सटन खो खो हसली. ती बकरी खरी होती. भांडण झालं म्हणून डेलानेच तिचं ते नाव ठेवलं होतं, आणि मेरिल दोन दिवस रुसली होती. आता मात्र तिला दात दाखवून हसावं लागलं.

"कुठली तू?" मेरिलने घरातल्या खास आवाजात विचारलं.

"वर, डोंगराकडची. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, तिथल्या पोस्टमनलाही ते सापडत नाही."

"आणि आई कुठल्या घरातली गं?" सटनने विचारलं.

"आईचं घर? चाकांवरचं. वादळ आलं की आमचा पत्ता बदलतो."

सटनला तो विनोद वाटला. ती पोट धरून हसली.

"पण गाते मात्र भारी," डेला म्हणाली. आता ती मेरिलकडेच बघत होती, डोळ्यांत खोडकर चमक घेऊन. जणू म्हणत होती, बघ, तुझ्यासमोर आपल्या आईचं कौतुक करतेय आणि कोणाला पत्ता नाही. "ती गायला लागली की आमचे पाद्रीबाबा प्रवचन आवरतं घेतात."

"अय्या! वसंतात आयांचं जेवण असतं आमच्याकडे. तिला गायलाच लावू!" सटन म्हणाली.

"लावाच. तिला थांबवणं अवघड जाईल एवढं सांगून ठेवते."

"इकडे ये गं बाळ," मागून आवाज आला. मिस क्लॉडेट. "कॉलर दुमडलीय तुझी."

डेला आज्ञाधारकपणे त्यांच्यापुढे पाठ करून उभी राहिली. त्यांनी कॉलर सारखी केली. मग त्यांची बोटं एकेका बटणावरून सावकाश खाली गेली.

"सुरेख बटणं आहेत. कोणी शिवून दिला झगा?"

"आईने, मॅम."

"आई आहे ना?"

"आहे म्हणजे? ठणठणीत आहे, मॅम!"

"देवाची कृपा," मिस क्लॉडेट म्हणाल्या. म्हणताना बघत होत्या मेरिलकडे, आणि पंखा पुन्हा हलायला लागला होता.

दुपारी तळघरातल्या जेवणाच्या खोलीत निवड सुरू झाली. खिडक्यांचे पडदे ओढलेले, सगळ्यांचे फोन एका टोपलीत. भिंतीवर आलेल्या मुलींचे फोटो. डेलाच्या फोटोपाशी आल्यावर सटनने हातच वर केला.

"हिच्यावर बोलायचंच नाही. घेतली. आणि माझी धाकटी बहीण म्हणून घेणार मी हिला, आत्ताच सांगते."

"मला पण आवडली. चाकांवरचं घर म्हणाली तेव्हा मी मेलेच हसून," दुसरी कोणी म्हणाली.

चहूकडून हो हो झालं. कोणी विचारलं नाही तर बरं, असं मेरिलला वाटत होतं. तिने काही करायचंच नाही, जे व्हायचं ते होऊ दे. त्या क्षणी ती खरंच तशी बसली होती, मांडीवर हात घेऊन.

"मेरिल," मिस क्लॉडेट कोपऱ्यातून म्हणाल्या, "तू बोलली नाहीस."

सगळ्या माना वळल्या.

"गोड आहे," मेरिल म्हणाली. "पण तिला आपल्यात मोकळं वाटेल असं नाही वाटत."

"काहीतरीच काय!" सटन उसळली. "ती जन्मापासून इथेच राहत असल्यासारखी वागत होती. हल्ली तुला कोणी पसंतच पडत नाही हं."

"चाकांवरचं घर म्हणाली ना, ती चेष्टा नव्हती. खरं आहे ते."

दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मेरिलला वाटलं, संपलं. पण सटनने खांदे उडवले. "मग असू दे की. एखादी तशीही असावी. मी बाबांना सांगेन, तिचा खर्च ते करतील. आपलंच नाव होईल." आणि पोरींनी माना डोलावल्या. कोणाचे तर डोळेही पाणावले, आपण किती चांगल्या आहोत या विचाराने.

म्हणजे बघा. त्या पोरी तिला घेणार होत्या! सगळं माहीत होऊनही घेणार होत्या. मेरिलने तिथे तोंड मिटून बसायचं होतं, एवढंच. पण तिच्या डोळ्यांपुढे वसंतातलं ते टेबल आलं, दारात उभी असलेली आई आली, आणि तिचं तोंड उघडलं.

"मला सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "आमच्या ओळखीच्यांकडे हिची आई कामाला होती. घरातल्या वस्तू जायच्या. शेवटी अंगठी गेली तेव्हा काढलं तिला. मुलगीही बरोबर असायची म्हणे."

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं, आणि नकळत आपल्या हातातली अंगठी चाचपली.

वॉन्डाने जन्मात कोणाची टाचणी उचललेली नाही. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर ते परत करायला भर उन्हात मागे जाणारी बाई ती. मेरिलने लहानपणी तिच्या मागून ती पायपीट केली होती, कुरकुरत. पण आता शब्द गेला तो गेला. सटनने तोंड वाकडं करून स्वतः उठून डेलाचा फोटो उतरवला.

मिस क्लॉडेट कोपऱ्यात पंखा हलवत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेरिलला मागच्या कोठीघरात बोलावलं. बोलावण्याच्या दिवसासाठी फुलं आली होती, त्यांची देठं त्या छाटत होत्या. कात्रीचा कचकच आवाज येत होता.

"बस. आणि अशी पांढरीफटक पडू नकोस. मला कोणाला सांगायचं असतं तर पहिल्याच वर्षी सांगितलं असतं."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"लाकूडवाल्या लेडबेटरांकडे मी दर नाताळला जेवायला असते गं. त्यांना मुलगीच नाही." एक देठ छाटून त्यांनी फूल बादलीत ठेवलं. "शिवाय बटणं. लेडबेटरांच्या घरात जुन्या कोटाची बटणं काढून कोण ठेवणार?"

"मग मला घेतलंत का, मॅम?"

"तुझ्या नजरेसाठी. सटनसारख्यांना काही दिसत नाही. काल बघितलंस ना? घ्यायला निघाल्या होत्या! त्यांना दया परवडते, त्यांचं काय जातं? आज एक घेतील, उद्या चार घेतील, आणि मग या घराला कोण विचारणार? दार राखायला आपल्यातलीच लागते."

"आपल्यातली?" मेरिलला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"माझी आई हायवेच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकायची. पत्र्याचा डबा, वर फाटकी छत्री. याच घरातल्या मुलींच्या गाडीतून मी तिच्यासमोरून गेलेय. एकीला शेंगा हव्या होत्या. मी म्हटलं, घाणेरड्या असतात गं, चल पुढे." हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही. "मला पांढरा गुलाब लावला तेव्हा ती जिवंत होती. त्यानंतरही पुष्कळ जगली. मेली तेव्हा मला नवीन काही करावं लागलं नाही. गुलाब तोच."

मेरिलला उठून जायचं होतं. ती बादलीतली फुलं सारखी करत बसली.

"मी दारात होते तेव्हा माझी मावसबहीण आली होती," मिस क्लॉडेट म्हणाल्या. "तिला मी काढली. आणि तेव्हापासून वाट बघत होते, की माझ्यानंतर या खुर्चीत कोण बसेल. तू तर सख्खी बहीण काढलीस. वर आईला चोर ठरवलंस, तेही मी न सांगता." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिथे कौतुक होतं, शाबासकी होती. "माझ्याही पुढची निघालीस गं पोरी."

"मी... मला तसं नव्हतं करायचं."

"मलाही नव्हतं. मे महिन्यात पास झालीस की मंडळाच्या ऑफिसात तुझी जागा तयार आहे. मागच्या बागेतली खोली तुझी. आयुष्यभराची सोय झाली, म्हण." आणि त्यांनी ओल्या हाताने तिच्या गालावर थोपटलं.

आता इथे मेरिलने ती बादली लाथाडायला हवी होती, असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटतं. पण तिच्या तोंडातून आलं ते, "थँक यू, मॅम." चांगली शिकवण अंगात मुरली की अशी वेळेवर बाहेर येते.

बोलावण्याच्या दिवशी तो रस्ता म्हणजे जत्राच. मुलींना मैदानात पाकिटं मिळतात, त्या ती फोडतात, किंचाळतात, आणि ज्या घरातून बोलावणं आलं तिकडे पळत सुटतात. घरांपुढच्या हिरवळीवर जुन्या मुली फुगे घेऊन उभ्या. रस्त्यातून आईबापांच्या गाड्या मुंगीच्या पावलाने जातात, भोंगे वाजवतात, आणि हिरवळीवरच्या पोरी प्रत्येक गाडीला हात करतात. गाडीत कोणाची आई दिसली की "हाय आईऽऽ!" म्हणून सगळ्यांनी ओरडायचं, ही खांबांच्या घराची जुनी पद्धत.

मेरिल कडेला उभी होती. शेजारी झाडाखाली मिस क्लॉडेटची वेताची खुर्ची आणून ठेवली होती. तेवढ्यात रस्ता ओलांडून डेला आली. अंगात समोरच्या लहानशा विटांच्या घराचा शर्ट.

"मला तिकडचं बोलावणं आलं," ती म्हणाली. आवाज हळू, चेहरा परका, अजूनही. "तुमचं नाही आलं. असू दे. तू खूप भांडली असशील माझ्यासाठी."

"हो," मेरिल म्हणाली.

डेलाने मागे विटांच्या घराकडे बोट केलं.

"तिथल्या पोरी मला सगळ्या घरांची माहिती सांगत होत्या. खांबांच्या घरातली मेरिल फार चांगली, म्हणाल्या. बिचारीला आई नाही. दर वर्षी पांढरा गुलाब लावते, म्हणाल्या."

मेरिलच्या हातातला फुगा सुटला. तो वर गेला तरी तिला कळलं नाही.

"मी काय म्हटलं, विचार ना."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, अरेरे." डेलाने शर्टाचा काठ मुठीत धरला. "वचन दिलं होतं ना तुला. म्हणून अरेरे म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?"

"डेला, ऐक..."

"आई आलीय, सिसी. कोपऱ्यावर ट्रकमध्ये बसलीय. दुसऱ्या बाईची शिफ्ट भरून रजा घेतली तिने. तुझ्यासाठी पीचचा गोड पाय भाजून आणलाय, वाटेत हिंदकळू नये म्हणून सीटला पट्ट्याने बांधून. तिला वाटतंय तू भेटायला येशील." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती उघडझाप केली. "काय सांगू तिला?"

"कोण गं ती, मेरिल?" मिस क्लॉडेट झाडाखालून म्हणाल्या. पंखा हातात स्थिर होता. "ओळखीची आहे का?"

मेरिलने तोंड उघडलं. मी शपथेवर सांगतो, या वेळी खरं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. आणखी एक क्षण मिळाला असता तर बाहेर पडलं असतं. पण तो क्षण डेलाने दिला नाही. ती बहिणीपेक्षा नेहमीच चपळ होती.

"नाही, मॅम," ती म्हणाली. "ओळखीची नाही. रस्ता विचारायला आले होते."

आणि ती वळली. गर्दीत शिरली, आणि तिचा शर्ट इतर शर्टांत मिसळून गेला.

थोड्या वेळाने गाड्यांच्या रांगेतून एक जुना लाल ट्रक सावकाश पुढे आला. शेजारच्या सीटवर डेला, मान समोर, ताठ. चालवत होती वॉन्डा. तिने रविवारचा झगा घातला होता, केस कुरळे करून घेतले होते, आणि काच खाली करून हिरवळीवर कोणाला तरी शोधत होती. मेरिल दिसल्यावर तिचा सगळा चेहरा फुलला. तिने स्टिअरिंगवरचा हात काढून जोरजोरात हलवला.

"हाय आईऽऽ!" सटन ओरडली, आणि तिच्यामागोमाग सगळी हिरवळ ओरडली, "हाय आईऽऽ!"

मेरिलचाही हात वर गेला. तिचंही तोंड उघडलं आणि तोच शब्द सगळ्यांच्या आवाजात मिसळून बाहेर पडला. वॉन्डाला तेवढं पुरलं. ती हसली, रडली, मनगटाने नाक पुसलं, आणि मागच्या गाडीने भोंगा वाजवला तसा ट्रक पुढे नेला. डेलाने एकदाही वळून पाहिलं नाही.

"किती गोड रडत होती गं!" सटन म्हणाली. "कोणाची आई असेल?"

"असेल कोणाची तरी," मेरिल म्हणाली, आणि मिस क्लॉडेटच्या खुर्चीवर ऊन आलं होतं म्हणून ती सावलीत सरकवायला गेली.